कारखान्याचं ऑडिट: सगळ्यांसाठी एकच मापदंड कसा ठरत गेला?

११ सप्टेंबर २०१२. कराचीच्या बलदिया टाउन भागातल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. अडीचशेहून जास्त कामगारांचा जीव गेला. खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. आता याच कारखान्याबद्दलची दुसरी गोष्ट बघा. आगीच्या काही आठवडे आधी, ऑगस्ट २०१२ मध्ये, त्याला एसए ८००० हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. या मानकात आरोग्य आणि सुरक्षितता हा स्वतंत्र भाग आहे.

पुढे २०२० मध्ये पाकिस्तानातल्या कोर्टाने ही आग लावली गेली होती असं ठरवून दोघांना शिक्षा सुनावली. पण आग कोणी लावली हा एक प्रश्न आहे, आणि आग लागल्यावर माणसं बाहेर का पडू शकली नाहीत हा दुसरा. प्रमाणपत्र या दुसऱ्या प्रश्नाबद्दल काहीतरी सांगत असतं, निदान तसा त्याचा दावा असतो.

माझं पीएचडीचं काम दक्षिण आशियातल्या कारखाना-तपासणीच्या इतिहासावर आहे. तुमच्यापैकी जे संशोधनाची तयारी करताहेत त्यांना या विषयातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. 'प्रमाणित', 'सामायिक', 'आंतरराष्ट्रीय' हे शब्द कागदावर दिसले की आपण पटकन विश्वास टाकतो. इतिहासाचा विद्यार्थी तिथे थांबतो आणि विचारतो: सामायिक म्हणजे कोणाकोणात? ही पोस्ट त्या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी थोडं मागे: मुंबईच्या गिरण्या

बाहेरच्या बाजारपेठेच्या दबावातून कारखान्यांची तपासणी सुरू होणं हे काही १९९० नंतरचं नाही. आपल्याकडे याची सुरुवात मुंबईत झाली. १८७० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्या वाढत होत्या आणि लँकेशायरच्या गिरणीमालकांना त्यांची स्पर्धा जाणवायला लागली होती. मुंबईत मुलं आणि बायका वाटेल तितके तास राबतात, यावर कायदा हवा, अशी ओरड इंग्लंडमधून सुरू झाली. त्यात खरी कळकळ असलेले सुधारकही होते आणि धंद्याचं गणित मांडणारेही. १८७५ मध्ये मुंबई सरकारने कमिशन नेमलं आणि १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला. तो यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना लागू होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला त्याने बंदी घातली.

गिरणीमालक म्हणाले, हा आमचा धंदा बुडवण्याचा विलायती डाव आहे. या वादात कामगार मात्र कुठेच नव्हते. त्यांचा आवाज पुढे आणला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांची सभा घेतली आणि आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार अशा मागण्यांचा अर्ज तयार केला. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. १८८१ च्या कायद्याने काय काय तपासायचं ते ठरवलं होतं. काय तपासायचं राहून गेलंय, ते या अर्जाने सांगितलं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या कायद्याची वंशावळही महत्त्वाची आहे. १८८१ चा कायदा सुधारत सुधारत १९३४ चा झाला. त्यावरून पूर्व पाकिस्तानात १९६५ चा फॅक्टरी कायदा आला, आणि बांगलादेशात २००६ च्या श्रम कायद्याने त्याची जागा घेतली. म्हणजे ढाक्याच्या सरकारी इन्स्पेक्टरचं मूळ शोधत गेलात तर तुम्ही मुंबईला येऊन पोचता.

१९९० चं दशक: प्रत्येक ब्रँडची स्वतःची नियमावली

आता शंभर वर्षं पुढे येऊ. १९८० नंतर अमेरिका-युरोपातल्या कपड्यांच्या कंपन्यांनी स्वतःचे कारखाने बंद करून माल बाहेरच्या देशांतून शिवून घ्यायला सुरुवात केली. कारखाना दुसऱ्याचा, कामगार दुसऱ्याचे, लेबल फक्त आपलं. मग कामगारांच्या हालांबद्दल प्रश्न आला की 'ते आमचे कर्मचारी नाहीत' हे उत्तर तयार असायचं.

हे उत्तर फार दिवस चाललं नाही. १९९१ मध्ये लेवी स्ट्रॉसने पुरवठादारांसाठी स्वतःची नियमावली तयार केली. १९९२ मध्ये नायकीने केली. १९९६ मध्ये अमेरिकेत टीव्ही कलाकार कॅथी ली गिफर्ड यांच्या नावाचे कपडे होंडुरासमध्ये लहान मुली शिवतात, हे प्रकरण गाजलं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याच वर्षी कंपन्या, संघटना आणि कार्यकर्त्यांना एका टेबलावर बसवलं. त्यातून १९९९ मध्ये फेअर लेबर असोसिएशन उभी राहिली. दरम्यान १९९७ मध्ये एसए ८००० आलं आणि १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये एथिकल ट्रेडिंग इनिशिएटिव्ह. २००३ मध्ये युरोपातल्या आयातदारांनी ब्रुसेल्समधून बीएससीआय सुरू केलं.

एसए ८००० बद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. त्यातला आशय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या, म्हणजे आयएलओच्या करारांमधून घेतलेला आहे, पण तपासणीची पद्धत घेतली ती आयएसओ ९००० या गुणवत्ता मानकाकडून. गुणवत्तेच्या ऑडिटमध्ये ऑडिटर बघतो की कंपनीची पद्धत लिहिलेली आहे का, रजिस्टर भरलेलं आहे का, सह्या आहेत का. नटबोल्टच्या बाबतीत हे बऱ्यापैकी चालतं, कारण रजिस्टर खोटं असेल तर खराब नटबोल्ट शेवटी गिऱ्हाइकाच्या हातात पडतोच. कामगाराचा ओव्हरटाइम कोणाच्या हातात पडत नाही. हजेरीपत्रकाच्या दोन वह्या ठेवल्या, एक खरी आणि एक ऑडिटरसाठी, तर शर्ट तसाच दिसतो.

१९९७ मध्येच याचं एक प्रात्यक्षिक मिळालं. व्हिएतनाममध्ये नायकीसाठी बूट बनवणाऱ्या एका कारखान्याचं अर्न्स्ट अँड यंग या कंपनीने केलेलं ऑडिट बाहेर फुटलं. हवेत टोल्यूइनसारख्या रसायनांचं प्रमाण स्थानिक मर्यादेच्या कितीतरी पट होतं, आणि ते त्या अहवालात लिहिलेलंही होतं. म्हणजे इथे ऑडिटरला दिसलं होतं. पण अहवाल गोपनीय होता. ज्यांच्या फुफ्फुसात ती हवा जात होती त्यांना तो दाखवायची सोयच पद्धतीत नव्हती.

'एकच ऑडिट पुरे': पहिलं सामायिकीकरण

२००० नंतर वेगळीच तक्रार सुरू झाली. एक कारखाना दहा ब्रँडना माल देतो, तर वर्षात दहा वेळा ऑडिट. प्रत्येकाची यादी वेगळी. एक ब्रँड म्हणतो अग्निशामक नळकांडं भिंतीवर इतक्या उंचीवर लावा, दुसरा म्हणतो तितक्या. पुरवठादारांना यात खर्च होता, मनस्ताप होता आणि कामाचे दिवस बुडत होते. शिवाय कागदपत्रं 'तयार करून' देणाऱ्या सल्लागारांचा एक धंदाच उभा राहिला.

यावर उपाय निघाला तो म्हणजे ऑडिट वाटून घ्यायचं. ब्रिटिश किरकोळ विक्रेत्यांनी सेडेक्स ही संस्था काढली. तिथे पुरवठादाराने एकदा माहिती भरायची आणि ती अनेक खरेदीदारांनी बघायची. तिची ऑडिट-पद्धत स्मेटा या नावाने आजही चालते. २००६ मध्ये कारफूर, टेस्को, मेट्रो, मिग्रोस आणि वॉलमार्ट यांनी मिळून ग्लोबल सोशल कम्प्लायन्स प्रोग्राम सुरू केला. वेगवेगळ्या नियमावल्या एका संदर्भ-नियमावलीशी ताडून पाहायच्या आणि 'तुमचं ऑडिट आम्हाला चालेल' म्हणायचं, असा त्यामागचा विचार.

कल्पना वाईट नव्हती. त्रास खराच होता आणि तो काही प्रमाणात कमीही झाला. पण इथे आपला प्रश्न विचारू या. सामायिक कोणाकोणात? खरेदीदारा-खरेदीदारांमध्ये. अहवाल कोणाला दिसणार? सदस्यांना. ऑडिटची फी बऱ्याचदा कोण भरणार? ज्याचं ऑडिट आहे तोच पुरवठादार. यादी ठरवताना ढाक्याच्या किंवा कराचीच्या कामगार संघटनेची सही लागत होती का? नाही.

आणखी एक गोष्ट घडते, ती मला संशोधक म्हणून जास्त महत्त्वाची वाटते. दहा याद्यांची एक यादी करताना साधारणपणे जे सगळ्यांत समान आहे ते उरतं. एखादी गोष्ट दहाही याद्यांमध्ये नसेल, तर सामायिक यादीतही ती येत नाही. आणि मग ती तपासायचीच राहिली हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण आता यादी 'पूर्ण' आणि 'सर्वमान्य' झालेली असते.

यादीत नसलेली इमारत

११ एप्रिल २००५ ला ढाक्याजवळ सावर भागात स्पेक्ट्रम नावाचा स्वेटरचा कारखाना कोसळला. ६४ जण गेले. वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले होते. त्याच वर्षी १ जानेवारीपासून कपड्यांच्या जागतिक व्यापारातली कोटा पद्धत संपली होती आणि बांगलादेशात ऑर्डरी वाढत होत्या. ऑर्डरी वाढल्या की मजले वाढतात. म्हणजे इमारत पडू शकते हे २००५ मध्येच सगळ्यांना कळलेलं होतं.

२४ नोव्हेंबर २०१२ ला आशुलियातल्या ताझरीन कारखान्याला आग लागून किमान ११२ कामगार मेले. आदल्या वर्षीच्या वॉलमार्टच्या तपासणीत या कारखान्याला 'ऑरेंज', म्हणजे जास्त धोक्याचा, असा शेरा मिळालेला होता.

आणि २४ एप्रिल २०१३. सावरची राणा प्लाझा ही आठ मजली इमारत. परवाना दुकानं-ऑफिसांसाठीचा, पण वर पाच गारमेंट कारखाने. वरचे मजले विनापरवाना. आदल्या दिवशी भिंतींना आणि खांबांना मोठे तडे गेले. एका इंजिनिअरने इमारत धोकादायक असल्याचं सांगितलं. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं दुसऱ्या दिवशी बंद राहिली. गारमेंटच्या कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं. सकाळी वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि थोड्याच वेळात इमारत खाली आली. ११३४ माणसं मेली, सुमारे अडीच हजार जखमी झाली.

यातल्या दोन कारखान्यांचं बीएससीआयच्या नियमावलीनुसार ऑडिट झालेलं होतं. मग ऑडिटरने खोटं लिहिलं का? हा प्रश्न लोक लगेच विचारतात आणि तो विचारायलाही हवा. पण त्याआधीचा प्रश्न असा की त्याला काय बघायला सांगितलं होतं? खांबाची ताकद, स्लॅबवरचा भार, बांधकामाचे नकाशे या गोष्टी त्या ऑडिटच्या कक्षेतच नव्हत्या. इमारतीला सरकारी परवाना असेल हे गृहीत धरलेलं होतं. सरकारी खात्याकडे माणसं आणि ताकद दोन्ही तुटपुंजी. म्हणजे प्रत्येकाला वाटत होतं की इमारत दुसरा कोणीतरी बघतोय.

ज्यांना तडे दिसत होते ते कामगारच होते. त्यांच्याकडे 'मी आत जाणार नाही' म्हणायचा अधिकार नव्हता. तुम्हाला १८८४ चा तो अर्ज आठवत असेल.

२०१३: यादी पुन्हा लिहिली जाते

राणा प्लाझानंतर तीन आठवड्यांच्या आत, मे २०१३ मध्ये, अ‍ॅकॉर्ड हा करार झाला. एका बाजूला ब्रँड, दुसऱ्या बाजूला इंडस्ट्रीऑल आणि युनी या जागतिक कामगार महासंघांसह बांगलादेशातल्या संघटना, आणि अध्यक्षपदी तटस्थ म्हणून आयएलओ. पुढे त्यावर दोनशेहून जास्त ब्रँडनी सह्या केल्या. हा मसुदा रातोरात तयार झालेला नव्हता. अशाच एका कराराची बोलणी २०१० च्या आगींनंतर सुरू झाली होती. २०१२ पर्यंत त्यावर फक्त पीव्हीएच आणि चिबो या दोनच कंपन्यांनी सही केली होती, आणि करार लागू व्हायला चार हव्या होत्या. दोन सह्या कमी पडल्या म्हणून तो कागद पडून राहिला. संग्रहात काम करताना असे 'न झालेले' करार जरूर शोधा. नंतर जे घडलं ते आधी कोणाला सुचलंच नव्हतं, की सुचूनही केलं गेलं नाही, हे त्यांच्यावरून कळतं.

जुलै २०१३ मध्ये वॉलमार्ट, गॅप वगैरे उत्तर अमेरिकन कंपन्यांनी अलायन्स नावाची वेगळी संस्था काढली. तिसरीकडे बांगलादेश सरकारने आयएलओच्या मदतीने स्वतःचा त्रिपक्षीय कार्यक्रम आखला. झाली ना पुन्हा तीच पंचाईत? तीन यंत्रणा, एकच इमारत. एकाने 'चालेल' म्हटलं आणि दुसऱ्याने 'रिकामी करा', तर कारखानदार कोणाचं ऐकणार?

म्हणून नोव्हेंबर २०१३ पर्यंत तिघांनी मिळून इमारत आणि आग या दोन विषयांपुरता एक समान मापदंड ठरवला. त्याचा पाया होता बांगलादेशचीच २००६ ची राष्ट्रीय बांधकाम संहिता. ढाक्याच्या अभियांत्रिकी विद्यापीठातले, म्हणजे बुएटचे प्राध्यापक त्यात होते. इमारत लगेच रिकामी करावी असं कोणाच्याही इंजिनिअरला वाटलं तर प्रकरण एका समितीपुढे न्यायचं, हेही ठरलं.

आता या मापदंडातल्या मागण्या बघा. बाहेर पडायच्या दारांना कुलूप लागेल अशी सोयच नको. जाळीची सरकती दारं आणि शटर काढा, आग थोपवणारी दारं बसवा. जिने बंदिस्त करा, म्हणजे धूर वर चढणार नाही. कुठल्या मजल्यावर किती भार ठेवायचा ते काढून मजल्यावर लिहा. 'सुरक्षा धोरण लेखी आहे का' असं विचारण्यापेक्षा हे किती वेगळं आहे! दाराला कुलूप आहे की नाही हे कामगारालाही बघून सांगता येतं.

दुसरा बदल अहवालाचा. अ‍ॅकॉर्डने तपासणीचे अहवाल आणि दुरुस्तीचे आराखडे कारखान्याच्या नावासकट सर्वांसाठी खुले ठेवले. पहिल्या फेरीत अकराशेवर कारखान्यांत ८० हजारांहून जास्त त्रुटी निघाल्या. यातल्या अनेक कारखान्यांत आधीही कोणाची ना कोणाची तपासणी झालेली होती.

तिसरा बदल बंधनाचा. ब्रँडने शब्द पाळला नाही तर संघटना लवादाकडे जाऊ शकत होत्या, आणि २०१६ मध्ये दोन प्रकरणं खरोखरच हेगच्या कायमस्वरूपी लवाद न्यायालयाच्या यंत्रणेत गेली. दोन्ही तडजोडीने मिटली. त्यातल्या दुसऱ्या प्रकरणात एका ब्रँडने २३ लाख डॉलर देण्याचं मान्य केलं.

मग सगळं छान झालं का?

नाही, आणि संशोधनात अशा ठिकाणी सावध राहायला हवं. अ‍ॅकॉर्ड इमारत, आग आणि वीज यांपुरता होता, पगार हा त्याचा विषय नव्हता. पोटकंत्राटावर चालणारे छोटे कारखाने बऱ्याच अंशी बाहेर राहिले. दुरुस्तीचा खर्च मुख्यतः कारखानदाराच्या डोक्यावर आणि ब्रँड देत असलेला भाव तितकाच, ही मालकांची तक्रार पोकळ नव्हती. परक्या इन्स्पेक्टरांनी आमच्या देशात येऊन कारखाने बंद करायचे का, हा सूरही निघाला. प्रकरण बांगलादेशच्या कोर्टात गेलं आणि जून २०२० मध्ये तिथलं काम आरएससी या स्थानिक संस्थेकडे आलं. तिच्यात मालक, ब्रँड आणि कामगार संघटना तिघेही आहेत. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय अ‍ॅकॉर्ड झाला आणि २०२३ पासून त्याचा कार्यक्रम पाकिस्तानातही सुरू झाला, ज्या देशात अली एंटरप्रायझेस जळला होता.

'परक्यांचा डाव' हा आरोप आपण मुंबईच्या गिरणीमालकांच्या तोंडूनही ऐकला. दोन्ही वेळी त्यात तथ्य होतं. लँकेशायरला स्वतःचा धंदा वाचवायचा होता, ब्रँडना स्वतःचं नाव. पण हेतू स्वार्थी होता म्हणून नियम निरुपयोगी ठरत नाही, आणि नियम चांगला होता म्हणून हेतू शुद्ध ठरत नाही. प्रबंध लिहिताना या दोन गोष्टी दोन वेगळ्या परिच्छेदांत ठेवा. त्या एकात मिसळल्या की लेखन एक तर आरोपपत्र होतं किंवा प्रशस्तिपत्र.

संशोधनाला बसताना

ऑडिटचा अहवाल साधन म्हणून हातात आला तर चार प्रश्न विचारा. यादी कोणी केली? पैसे कोणी दिले? अहवाल कोणाला दिसला? आणि त्रुटी निघाल्यावर काय करणं कोणावर बंधनकारक होतं?

हे प्रश्न हवेतले नाहीत. जोडी शॉर्ट, मायकेल टॉफेल आणि अँड्रिया ह्यूगिल यांनी २०१६ मध्ये जवळपास १७ हजार ऑडिटचा अभ्यास प्रसिद्ध केला. फी खरेदीदाराऐवजी पुरवठादाराने भरली असेल, किंवा तोच ऑडिटर पूर्वीही त्या कारखान्यात येऊन गेला असेल, तर नोंदलेल्या त्रुटी कमी दिसतात. पथकात सगळे पुरुष असतील तरी कमी दिसतात. म्हणजे त्रुटींचा आकडा कारखान्याइतकाच तपासणाऱ्याबद्दलही बोलत असतो. त्यामुळे '२०१० मध्ये त्रुटी कमी झाल्या' असं वाक्य लिहिण्याआधी त्या वर्षी फी भरायची पद्धत बदलली होती का, हे तपासून घ्या.

पाचवा प्रश्न थोडा अवघड आहे, कारण त्याचं उत्तर अहवालात नसतं. यादीत काय नाही? ते शोधायला अहवालाच्या बाहेरची साधनं लागतात: कामगारांचे अर्ज, संघटनांची पत्रकं, कोर्टातल्या साक्षी, वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी, महापालिकेतला बांधकाम परवाना. मुंबईवर काम करणाऱ्यांना १८७५ च्या कमिशनसमोरच्या साक्षी आणि लोखंडे यांचं 'दीनबंधू' पत्र उपयोगी पडेल. कमिशनचे प्रश्न वाचा, मग अर्जातल्या मागण्या वाचा, आणि दोन्हींची यादी शेजारी शेजारी मांडा. एका यादीत आहे आणि दुसरीत नाही असं जे जे सापडेल, तिथे तुमचा संशोधन-प्रश्न असण्याची शक्यता बरीच आहे.

यातला कुठलाही मुद्दा तुमच्या विषयाशी जुळत असेल तर खाली लिहा. पुढच्या पोस्टमध्ये फॅक्टरी कमिशनच्या साक्षी कशा वाचायच्या, दुभाष्यामार्फत दिलेल्या साक्षीत कामगाराचं बोलणं किती आणि दुभाष्याचं किती, याबद्दल बोलू.